विंडोजमध्ये प्रोग्राममधून प्रिंट जॉब कसे हाताळावेत: थांबवणे, सोडणे, काढून टाकणे आणि खात्री करून घेणे

प्रिंट जॉब, म्हणजे छपाईचे एक काम, हा प्रोग्रामचा नसतो, स्पूलरचा असतो. स्पूलर म्हणजे जॉब रांगेत घेऊन ते प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सेवा. प्रोग्राम मजकूर स्पूलरच्या हवाली करतो आणि तिथून पुढे जॉब थांबवायचा, सोडायचा किंवा काढून टाकायचा झाला तर स्पूलरकडे फक्त विनंती करता येते. ती मान्य झाली असे उत्तर आले, तरी काम त्याच क्षणी झालेले असेलच असे नाही. प्रिंटिंगच्या कोडमधल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्याने होतात: जॉबचा नंबर जपून न ठेवणे, विनंतीनंतर स्थिती पुन्हा न वाचणे आणि ‘छापले गेले’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणे.

इथे विंडोजच्या मूळ स्पूलर इंटरफेसबद्दल लिहिले आहे. लिनक्स आणि मॅकसाठी शेवटी थोडे आहे. फंक्शनांची नावे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, शब्द एकमेकांना जोडून लिहायची. ही सगळी फंक्शने ‘विनस्पूल’ या ड्रायव्हर फाइलमध्ये असतात आणि बहुतेकांची दोन रूपे असतात, एक ‘ए’ने संपणारे आणि एक ‘डब्ल्यू’ने संपणारे. नेहमी ‘डब्ल्यू’च घ्या. ‘ए’ रूपात देवनागरी नाव असलेल्या दस्तऐवजाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

आधी कागद न लागणारी रांग

चाचणीसाठी खरा प्रिंटर वापरू नका. ‘प्रिंटर जोडा’मधून स्थानिक पोर्ट प्रकारचे नवे पोर्ट तयार करा, त्याला ‘एनयूएल’ आणि पुढे विसर्गचिन्ह (कोलन) असे नाव द्या आणि त्यावर ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर बसवा. या रांगेत टाकलेले सगळे हवेत विरते. पण विरते ते इतक्या झटपट की जॉब डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे जॉबची यादी किंवा काढून टाकणे तपासायचे असेल तेव्हा रांगेच्या खिडकीतून आख्खी रांग थांबवा, तीन-चार पाने पाठवा आणि मग कोड चालवा. पूर्ण प्रवास तपासायचा असेल तेव्हा रांग सोडा.

पायरी पहिली: हँडल आणि अधिकार

सुरुवात ओपनप्रिंटर या फंक्शनने होते. ते हँडल देते, म्हणजे पुढच्या बोलावण्यांत प्रिंटर ओळखण्यासाठी द्यायची खूण. त्याला प्रिंटरचे नाव द्यायचे आणि तिसऱ्या पॅरामीटरमध्ये ‘प्रिंटर डिफॉल्ट्स’ ही रचना. या रचनेच्या जागी नल दिले तर फक्त वापराचा अधिकार मिळतो, त्याची किंमत ८. प्रिंटरच्या व्यवस्थापनाचा अधिकार हवा असेल तर ४. बऱ्याच नमुना कोडमध्ये सरसकट ‘प्रिंटर ऑल ॲक्सेस’ मागितलेला असतो. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर तो चालतो, कारण तिथे तो प्रशासक असतो. सामान्य वापरकर्त्याकडे गेला की ओपनप्रिंटरच अपयशी ठरते आणि त्रुटी ५ येते, म्हणजे परवानगी नाही. गरज असेल तेवढेच मागा.

मूळ मांडणीत कोणीही छापू शकतो, आणि ज्याने जॉब टाकला त्याला स्वतःच्या जॉबवर ‘दस्तऐवज व्यवस्थापन’ हा अधिकार आपोआप मिळतो. त्यामुळे आपला जॉब थांबवायला किंवा काढून टाकायला प्रशासक असण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या जॉबला हात लावायचा असेल तर प्रिंटरच्या सुरक्षा-पानावर तुमच्या खात्याला किंवा गटाला तो अधिकार द्यावा लागतो. आख्खा प्रोग्राम प्रशासक म्हणून चालवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

इथेच आणखी दोन त्रुटी भेटतात. १८०१ म्हणजे प्रिंटरचे नाव चुकले. १७२२ म्हणजे स्पूलरशी बोलणेच झाले नाही. बहुतेकदा ‘प्रिंट स्पूलर’ सेवा बंद असते. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखली जाणारी सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि तेव्हापासून छपाईची गरज नसलेल्या सर्व्हरवर ही सेवा मुद्दाम बंद ठेवली जाते. म्हणून १७२२ आल्यावर प्रोग्रामने सेवा परस्पर सुरू करू नये, नेमका संदेश दाखवून थांबावे.

प्रोग्राम विंडोज सेवा म्हणून चालणार असेल तर एक खड्डा लक्षात ठेवा. वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क प्रिंटर त्याच्या खात्यापुरतेच असतात. सिस्टिम खात्यात चालणाऱ्या सेवेला ते दिसतच नाहीत.

ओपनप्रिंटरने दिलेले हँडल एकाच वेळी अनेक थ्रेडमधून वापरायला सुरक्षित नसते. प्रत्येक थ्रेडसाठी वेगळे उघडा, आणि काम झाले की क्लोजप्रिंटरने बंद करा. ही फंक्शने स्पूलरच्या प्रोसेसशी बोलतात आणि नेटवर्कवरचा सर्व्हर झोपलेला असेल तर कितीतरी सेकंद अडकून राहतात. खिडकीच्या थ्रेडमधून ती कधीच बोलावू नका.

पायरी दुसरी: रांगेची यादी

एनमजॉब्सला हँडल, पहिल्या जॉबचे स्थान (शून्यापासून), किती जॉब हवेत तो आकडा आणि माहितीची पातळी द्यायची. पातळी १ मध्ये जॉबचा नंबर, वापरकर्ता, दस्तऐवजाचे नाव, स्थिती, प्राधान्य, स्थान, एकूण पाने, छापलेली पाने आणि जॉब टाकल्याची वेळ मिळते. बहुतेक कामांना एवढे पुरते. पातळी २ मध्ये ड्रायव्हर, छपाईच्या मांडणीची रचना आणि जॉबचा आकार हेही येतात.

बफर किती मोठा लागेल हे आधी माहीत नसते. पहिल्यांदा शून्य आकार द्या. फंक्शन अपयशी ठरेल, त्रुटी १२२ येईल आणि लागणारे बाइट कळतील. तेवढा बफर घेऊन पुन्हा बोलवा. इथे गोम अशी की या दोन बोलावण्यांच्या मधल्या वेळात रांगेत नवा जॉब येऊ शकतो आणि दुसऱ्यांदाही १२२ येते. म्हणून १२२ येत राहील तोवर फिरणारी लूप लिहा. चार-पाच फेऱ्यांची मर्यादा पुरेशी. उलट, रांग रिकामी असेल तर पहिलेच बोलावणे यशस्वी होते आणि शून्य बाइट सांगते. ती त्रुटी समजू नका.

बफरमध्ये आधी सगळ्या रचना एकापाठोपाठ असतात, आणि त्यांतल्या नावांचे पॉइंटर त्याच बफरच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवतात. बफर मोकळा केला की नावेही गेली. हवे ते आधी उतरवून घ्या. सी-शार्पसारख्या भाषेतून ही रचना स्वतः मांडत असाल तर आकार तपासा: पातळी १ ची रचना ३२ बिटमध्ये ६४ बाइटची, ६४ बिटमध्ये ९६ बाइटची. पॅडिंगचे चार-चार बाइट विसरले की पहिला जॉब बरोबर दिसतो आणि दुसऱ्यापासून कचरा येतो. हे लक्षण दिसले की थेट रचनेचा आकार पाहायचा.

टाकल्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. पडद्यावर दाखवताना स्थानिक वेळेत बदलून घ्या.

पायरी तिसरी: स्थिती वाचणे

स्थिती हा एक आकडा असला तरी त्यात अनेक खुणा एकत्र असतात: १ थांबवलेला, २ त्रुटी, ४ काढून टाकणे चालू, ८ स्पूल होत असलेला, १६ छापत असलेला, ३२ प्रिंटर ऑफलाइन, ६४ कागद संपला, १२८ छापलेला, २५६ काढून टाकलेला, ५१२ ड्रायव्हर हा जॉब छापू शकत नाही, १०२४ माणसाने लक्ष घालण्याची गरज, २०४८ पुन्हा सुरू, ४०९६ प्रिंटरकडे पोहोचवला, ८१९२ छापून झाल्यावरही रांगेत राखून ठेवलेला.

स्थिती ९ आली तर अर्थ ‘स्पूल होत आहे आणि थांबवलेलाही आहे’. त्यामुळे ‘स्थिती बरोबर १ आहे का’ अशी तुलना फसते. नेहमी बिट तपासा. पूर्ण शून्य म्हणजे जॉब रांगेत गुपचूप वाट पाहतो आहे. शिवाय स्थितीचा मजकूर असलेला वेगळा रकाना असतो. तो नल नसेल तर आधी तो दाखवायचा, कारण काही पोर्ट मॉनिटर (प्रिंटरच्या पोर्टशी बोलणारे स्पूलरचे भाग) आपले म्हणणे तिथेच लिहितात.

पानांच्या आकड्यांवर हिशेब बेतू नका. कच्चा मजकूर थेट पाठवला असेल तर पाने कुठे तुटतात हे स्पूलरला कळत नाही आणि एकूण पाने शून्य दिसतात. स्पूल चालू असताना हा आकडा वाढत जातो. आणि प्रतींची संख्या त्यात धरलेली असेल असे गृहीत धरता येत नाही. ती छपाईच्या मांडणीत वेगळी असते.

पायरी चौथी: आज्ञा

आज्ञा देणारे फंक्शन सेटजॉब. नुसती आज्ञा द्यायची असेल तर पातळी शून्य आणि रचनेच्या जागी नल द्या. शेवटच्या पॅरामीटरमध्ये आज्ञेचा आकडा: १ थांबव, २ पुढे चालू कर, ४ पहिल्यापासून छाप, ५ काढून टाक, ८ छापून झाल्यावरही रांगेत ठेव, ९ तसा ठेवलेला सोड. ८ आणि ९ व्हिस्टापासून पुढे आहेत. आकडा ३ ‘रद्द कर’ असा आहे खरा, पण तो जुना. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज तो वापरू नका असे सांगतात. काढायचा असेल तर ५ च.

‘थांबव’ म्हणजे स्पूलरने पुढची माहिती प्रिंटरला देणे थांबवायचे. प्रिंटरच्या स्मृतीत पोहोचलेली पाने तो छापूनच टाकतो. दोन पानांचा जॉब आख्खाच तिथे मावतो, म्हणून थांबवूनही छापला गेल्यासारखा दिसतो. मोठ्या जॉबमध्ये थांबवल्यानंतरही काही पाने येत राहतात. जॉब छापत असताना बराच वेळ थांबवून ठेवलात तर काही प्रिंटर अर्धवट पान बाहेर टाकून जोडणी सोडून देतात. थांबवायचे ते छपाई सुरू होण्याआधी. नंतर काढून टाकणेच बरे.

प्राधान्य बदलायचे असेल तर गेटजॉबने पातळी १ ची रचना वाचा, प्राधान्य १ ते ९९ मधले ठेवा, स्थानाच्या रकान्यात शून्य घाला आणि आज्ञा शून्य देऊन सेटजॉब करा. स्थानाचे शून्य म्हणजे ‘जागा बदलू नकोस’. हे विसरले तर वाचताना जे स्थान होते तेच पुन्हा मागितले जाते, आणि तोवर रांग पुढे सरकलेली असते.

सेटजॉबने त्रुटी ८७ दिली तर बहुधा त्या नंबरचा जॉब आता रांगेत नाही. काढून टाकण्याच्या आज्ञेला असे उत्तर आले तर तक्रार करण्यासारखे काही नाही. तो छापून गेला की कोणी काढला, एवढेच शोधायचे उरते.

आख्खी रांग रिकामी करायला सेटप्रिंटर वापरा, पातळी शून्य, आज्ञा ३. हिला ४ चा अधिकार लागतो. हे बटण सहज हाताशी ठेवू नका. इतरांचे जॉबही त्याबरोबर जातात.

स्वतःचा जॉब छपाईआधीच रोखून धरणे

समजा पावती तयार करायची आहे, पण वरिष्ठाने मान्यता दिल्यावरच कागद निघायला हवा. जॉब पाठवून मग यादीत शोधून थांबवण्याचा मार्ग शर्यतीचा आहे आणि लहान जॉब ती शर्यत जिंकतात.

स्टार्टडॉक हे फंक्शन यशस्वी झाले की जॉबचा नंबर परत देते. कितीतरी कोडमध्ये तो फक्त शून्यापेक्षा मोठा आहे का एवढे बघून फेकून दिलेला असतो! तो जपा. स्टार्टडॉक झाल्याबरोबर, पहिले पान सुरू करण्याआधी, वेगळ्या हँडलवरून त्या नंबरला आज्ञा १ द्या. मग पाने काढा आणि एंडडॉक करा. जॉब पूर्ण स्पूल होतो, पण छापायला जात नाही. मान्यता मिळाली की आज्ञा २, नाकारली तर ५. प्रिंटरच्या प्रगत मांडणीत ‘शेवटचे पान स्पूल झाल्यावर छपाई सुरू करा’ हा पर्याय निवडलेला असावा. ‘थेट प्रिंटरवर छापा’ हा पर्याय निवडला असेल तर स्पूलिंगच होत नाही आणि वरचे काहीही चालत नाही.

लेबल किंवा पावतीच्या प्रिंटरला कच्च्या आज्ञा पाठवत असाल तर स्टार्टडॉकप्रिंटर वापरा. तेही नंबर देते. क्रम असा: ओपनप्रिंटर, स्टार्टडॉकप्रिंटर, स्टार्टपेजप्रिंटर, राइटप्रिंटर, एंडपेजप्रिंटर, एंडडॉकप्रिंटर, क्लोजप्रिंटर. माहितीचा प्रकार ‘रॉ’ लिहायचा. राइटप्रिंटरने किती बाइट लिहिले हे दरवेळी तपासा.

मधेच कोणी रांगेतून जॉब काढला तर चालू असलेले राइटप्रिंटर त्रुटी ६३ देऊन थांबते. हा बिघाड नव्हे, माणसाने केलेली निवड आहे. ६३ आल्यावर पुन्हा प्रयत्न करणारा कोड तीच पावती परत छापतो, आणि काढणारा माणूस चक्रावतो.

इतरांच्या जॉबवर नजर

दर सेकंदाला यादी मागवणे छोट्या कामाला चालून जाते. पण जॉब दोन फेऱ्यांच्या मधेच येऊन गेला तर कळत नाही. त्यासाठी फाइंडफर्स्टप्रिंटरचेंजनोटिफिकेशन आहे. बदलांच्या फिल्टरमध्ये जॉब जोडला (२५६), जॉब बदलला (५१२), जॉब काढला (१०२४) आणि जॉबमध्ये लिहिले (२०४८) यांची बेरीज द्या. मिळालेल्या हँडलवर वेगळ्या थ्रेडमध्ये वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट लावून बसा. खूण आली की फाइंडनेक्स्टप्रिंटरचेंजनोटिफिकेशन बोलवा, नाहीतर पुढची खूण येणार नाही.

सुरुवातीचा क्रम महत्त्वाचा: आधी सूचना लावा, मग एनमजॉब्सने यादी घ्या. उलट केले तर मधल्या क्षणात आलेला जॉब दोन्हीकडून निसटतो. आधी सूचना लावल्याने एखादा जॉब दोनदा कळेल, पण नंबरावरून ते मिटवता येते.

सूचनेबरोबर रकान्यांची माहिती मागवली असेल तर गर्दीच्या वेळी स्पूलर ती टाकून देतो आणि ‘माहिती वगळली’ अशी खूण लावतो. ती दिसली की ताजी माहिती मागवण्याचा पर्याय लावून फाइंडनेक्स्ट पुन्हा बोलवा. मिळालेली प्रत्येक रचना फ्रीप्रिंटरनोटिफायइन्फोने मोकळी करा. दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रामची स्मृती हळूहळू फुगत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. सोपा आणि भक्कम मार्ग असा की सूचना फक्त जागे होण्यासाठी वापरायची आणि खरी माहिती दरवेळी एनमजॉब्सकडून घ्यायची.

तरीही दुसऱ्या प्रोग्रामने टाकलेला एका पानाचा जॉब तुमची सूचना पोहोचेपर्यंत छापून गेलेला असू शकतो. स्पूल पूर्ण झाल्यावरच छपाई सुरू होण्याचा पर्याय थोडी सवड देतो, हमी देत नाही. शिवाय हे सगळे त्या रांगेपुरतेच. दोन संगणक एकाच प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर आपापल्या रांगेतून छापत असतील तर एकाला दुसऱ्याचे जॉब कधीच दिसणार नाहीत. त्यासाठी रांग सामायिक सर्व्हरवर हवी.

नोंदवहीत जॉब ठेवताना नुसता नंबर पुरत नाही, नंबर पुन्हा वापरले जातात. नंबर, प्रिंटरचे नाव आणि टाकल्याची वेळ अशी तिहेरी ओळख ठेवा.

‘छापले गेले’ म्हणजे नेमके काय

१२८ किंवा ४०९६ यांचा अर्थ माहिती प्रिंटरकडे गेली, एवढाच. शेवटच्या पानाला कागद अडकला तरी जॉब रांगेतून नाहीसा होऊ शकतो. साध्या टीसीपी पोर्टवर, म्हणजे बहुधा ९१०० वर, प्रिंटरने माहिती स्वीकारली की स्पूलरचे काम संपते. कागदाची खात्री हवीच असेल तर प्रिंटरलाच एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणाची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने) विचारा, किंवा त्याच्या भाषेत उलट उत्तराची सोय असेल तर ती वापरा. नाहीतर पडद्यावर ‘प्रिंटरकडे पाठवले’ असेच लिहा.

झालेल्या छपाईची नोंद हवी असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘प्रिंटसर्व्हिस’खालचा ‘ऑपरेशनल’ लॉग सुरू करा. तो मुळात बंद असतो. तिथे घटना ३०७ मध्ये दस्तऐवज, वापरकर्ता, प्रिंटर, आकार आणि पाने येतात. प्रोग्राम बंद असतानाच्या जॉबचीही नोंद त्यात होते.

याच्या उलट तक्रारही येते: प्रिंटर चालू आहे, तरी रांग ऑफलाइन. टीसीपी पोर्टच्या मांडणीत एसएनएमपी स्थिती तपासणी चालू असते आणि प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तिथली खूण काढली की रांग चालू होते. कोडमध्ये काही शोधू नका.

काढूनही न जाणारा जॉब

स्थिती २० दिसते, म्हणजे ४ आणि १६, आणि तासभर तशीच राहते. ड्रायव्हर किंवा पोर्ट मॉनिटर लिहिता लिहिता अडकलेला असतो आणि स्पूलर त्याची वाट पाहतो. पुन्हा पुन्हा ५ पाठवून काही होत नाही. आधी प्रिंटर बंद करून चालू करा, केबल किंवा नेटवर्क पाहा. अडकलेले लिहिणे सुटले की जॉब आपोआप जातो. तरीही नाही गेला तर प्रशासकाच्या कमांड खिडकीत ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या ‘एसपीएल’ आणि ‘एसएचडी’ फाइली काढायच्या, आणि ‘नेट स्टार्ट स्पूलर’. पहिल्या प्रकारच्या फाइलीत छपाईची माहिती असते, दुसऱ्यात जॉबची. या फोल्डरात सगळ्या रांगांचे जॉब एकत्र असतात, तेव्हा सरसकट पुसण्याआधी इतरांना विचारा.

इतर भाषांतून

डॉटनेटमध्ये सिस्टिम डॉट प्रिंटिंग आहे. त्यातल्या प्रिंटक्यू वस्तू ज्या थ्रेडवर बनल्या तिथेच वापराव्या लागतात, आणि त्यांचे गुणधर्म रिफ्रेश केल्याशिवाय जुनेच राहतात. मायक्रोसॉफ्ट ती सेवांमध्ये वापरायला मान्यता देत नाही. प्रिंटडॉक्युमेंट वापरत असाल तर जॉबचा नंबर मिळतच नाही. दस्तऐवजाच्या नावाला एक अनन्य खूण जोडा आणि एनमजॉब्सच्या यादीत ती शोधा. पायथनमध्ये पायविन३२ च्या विन३२प्रिंट मॉड्यूलमध्ये हीच नावे आहेत आणि बफरची कटकट नाही. पॉवरशेलमध्ये विंडोज ८ पासून गेट-प्रिंटजॉब, सस्पेंड-प्रिंटजॉब, रिझ्यूम-प्रिंटजॉब आणि रिमूव्ह-प्रिंटजॉब आहेत. कोड चूक की स्पूलर, हे ठरवायला तेच काम पॉवरशेलमधून करून बघणे ही सर्वांत झटपट कसोटी.

लिनक्स आणि मॅकवर स्पूलरचे काम कप्स करते. ते ६३१ पोर्टवर आयपीपी हा छपाईचा नेटवर्क-प्रोटोकॉल बोलते. तिथे जॉबच्या स्थिती एकेक आकड्याच्या, बिटांच्या नाहीत: ३ वाट पाहणारा, ४ रोखलेला, ५ चालू, ६ थांबलेला, ७ रद्द, ८ अर्धवट सोडलेला, ९ पूर्ण. प्रोग्राममधून कप्सगेटजॉब्सटू यादी देते आणि कप्सकॅन्सलजॉबटू काढून टाकते. तिथे एक मोठी सोय आहे: जॉब पाठवतानाच ‘जॉब-होल्ड-अंटिल’ या पर्यायाला ‘इनडेफिनिट’ अशी किंमत दिली की तो जन्मतःच रोखलेला येतो, आणि विंडोजवर जी शर्यत टाळायला इतकी धडपड करावी लागते ती उद्भवतच नाही. सोडायला ‘रिलीज-जॉब’ ही आयपीपी आज्ञा, किंवा टर्मिनलमधून ‘एलपी’ला जॉबचा नंबर आणि मोठ्या ‘एच’च्या पर्यायापुढे ‘रिझ्यूम’.